विहारनौकेवरील दूरचित्रवाणी संच

विहारनौकेवरील दूरचित्रवाणी संच म्हणजे पर्यटन, छंदाची मासेमारी किंवा दीर्घ जलप्रवास अशा खासगी कारणांसाठी वापरल्या जाणाऱ्या नौकेवर कायमस्वरूपी बसवलेला दूरचित्रवाणी संच आणि त्याला लागणारी वीजव्यवस्था, अँटेना व आधारसामग्री. घरातील जुना संच काढून नवा बसवणे हे सोपे काम असते. नौकेवर तसे नसते. तेथे वीज मोजकी असते, आधार सतत हलत असतो, हवा दमट व खारट असते आणि संचापासून हातभर अंतरावर होकायंत्र, रेडिओ किंवा स्थाननिश्चितीचे उपकरण असू शकते. नौकेवरील सर्व उपकरणांत दूरचित्रवाणी संच सर्वांत कमी आवश्यक होय. त्यामुळे करमणुकीच्या या साधनाने नौकेच्या व नौकेवरील माणसांच्या सुरक्षिततेच्या साधनांत बाधा आणू नये, हे त्याच्या निवडीचे व बसवणीचे मूलभूत तत्त्व मानले जाते.

खासगी विहारनौकांचा प्रसार उत्तर अमेरिका व युरोपात अधिक असल्याने याविषयीची मानकेही मुख्यतः तेथेच तयार झाली. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील प्रथा विचारात घेतली आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बांधल्या गेलेल्या मोठ्या विहारनौकांमध्ये कॅथोड किरण नलिकेचे संच बसवलेले असत. हे संच जड व खोल असल्याने बैठकीच्या केबिनमध्ये त्यांच्यासाठी लाकडी कोनाडा किंवा कपाट मुद्दाम बांधले जाई. मध्यम आकाराच्या अशा संचाला साधारणपणे ६० ते १०० वॅट वीज लागे. ती बहुधा धक्क्यावरील जोडणीतून किंवा नौकेवरील जनित्रातून मिळे.

दोन घडामोडींमुळे हे संच कालबाह्य ठरले. पहिली म्हणजे द्रवस्फटिक पडद्याचे सपाट संच स्वस्त झाले. दुसरी म्हणजे जुने अनुरूप अर्थात अ‍ॅनलॉग प्रक्षेपण बंद होऊन अंकीय म्हणजे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. नेदरलँड्समध्ये हा बदल डिसेंबर २००६ मध्ये झाला. अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी अनुरूप प्रक्षेपण थांबवले. ब्रिटनमध्ये हे स्थित्यंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये, तर ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१३ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर जुन्या संचावर भूस्थित केंद्रांचे कार्यक्रम पाहण्यासाठी रूपांतरक पेटी जोडणे भाग पडले. नौकेवरील अपुऱ्या जागेत आणखी एक पेटी, आणखी एक तार व आणखी थोडा वीजखर्च स्वीकारण्यापेक्षा संचच बदलणे अनेक नौकामालकांना सोयीचे वाटले.

जुना संच काढणे

कॅथोड किरण नलिकेचा संच काढताना विशेष दक्षता घ्यावी लागते. रंगीत संचाच्या नलिकेत हजारो व्होल्टचा विद्युतभार असतो व वीज तोडल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. म्हणून संचाचे मागील आवरण न उघडता तो अखंड बाहेर काढतात. नलिकेत निर्वात पोकळी असल्याने ती फुटल्यास काचा आत ओढल्या जाऊन नंतर वेगाने बाहेर उडतात. तिच्या काचेत शिसेही असते. त्यामुळे असा संच घरगुती कचऱ्यात किंवा पाण्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा लागतो.

कपाट आधी बांधून संच आत ठेवल्यानंतर भोवतीची लाकडी चौकट पक्की केलेली असेल, तर संच काढण्यासाठी ती चौकट सोडवावी लागते. चौकट कापण्यापूर्वी तिच्यामागून वीजतारा, इंधननळी किंवा पाण्याची नळी जात नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

आकार व पडद्याची निवड

जुन्या संचांच्या पडद्याची रुंदी व उंची यांचे गुणोत्तर ४:३ असे. नव्या संचांत ते १६:९ असते. पडद्याचे माप कर्णावरून सांगितले जात असल्याने या फरकामुळे बऱ्याचदा गैरसमज होतो. २० इंची जुना पडदा १६ इंच रुंद व १२ इंच उंच असतो. त्याच १६ इंच रुंदीच्या जागेत नवा पडदा बसवायचा झाल्यास त्याची उंची केवळ ९ इंच व कर्ण सुमारे १८ इंच येतो. म्हणजेच १९२ चौरस इंचांच्या जागी १४४ चौरस इंचांचे चित्र मिळते. यावर उपाय म्हणून कोनाड्याच्या आत संच न ठेवता कोनाड्याचे तोंड झाकणारा मोठा सपाट संच बिजागरीच्या फळीवर बसवतात. त्यामागे मोकळी झालेली जागा सामान ठेवण्यासाठी उपयोगी पडते. मात्र संचाच्या मागील बाजूस हवा खेळती राहील इतके अंतर सोडावे लागते.

आकारापेक्षाही पुढील बाबी महत्त्वाच्या असतात :

• वीज स्वीकारण्याची पद्धत : संच १२ व्होल्टवर चालतो की केवळ घरगुती विद्युतदाबावर, हे प्रथम पाहिले जाते.

• पाहण्याचा कोन : केबिनमध्ये सर्वांना पडद्यासमोर बसता येत नाही. बाजूने पाहिल्यास रंग फिके न पडणारा पडदा त्यामुळे सोयीचा ठरतो.

• तेजस्विता : घरगुती पडदा उघड्या डेकवरील उन्हात जवळपास काळा दिसतो. बाहेर बसवण्यासाठी अधिक तेजस्वी व पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षित असा खास संच लागतो.

• प्रक्षेपणाची प्रणाली : उत्तर अमेरिकेत एटीएससी, युरोप व भारतात डीव्हीबी, तर जपान व ब्राझीलमध्ये आयएसडीबी ही अंकीय प्रणाली वापरली जाते. एका प्रणालीचा संच दुसऱ्या प्रणालीचे प्रक्षेपण थेट पकडू शकत नाही. महासागर ओलांडणाऱ्या नौकांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा असतो.

सागरी वापरासाठी बनवलेल्या संचांतील विद्युतफलकावर ओलाव्यापासून संरक्षण देणारा लेप असतो. अर्थातच त्यांची किंमत घरगुती संचापेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे अनेक नौकामालक बंद केबिनमध्ये साधा घरगुती संच बसवतात व काही वर्षांनी तो बदलावा लागेल हे गृहीत धरतात. घरगुती संचाची हमी नौकेवरील वापराला लागू होईलच असे नसते.

वीजपुरवठा

विजेचा हिशेब

धक्क्यापासून दूर असताना नौकेची सारी वीज बॅटरीतून येते. दिवे, शीतकपाट, पाणी उपसणारा पंप व रेडिओ यांच्यासाठीही तीच बॅटरी वापरली जाते. सुमारे २४ इंची सपाट संचाला ३० वॅट वीज लागते असे धरल्यास १२ व्होल्टवर अडीच अँपिअर विद्युतप्रवाह वाहतो. चार तासांत १० अँपिअर-तास खर्च होतात. शिसे-आम्ल प्रकारच्या १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता साधारणपणे निम्मी, म्हणजे ५० अँपिअर-तास वीज वापरता येते. याचा अर्थ एका संध्याकाळच्या चित्रपटासाठी उपलब्ध विजेचा पाचवा हिस्सा लागतो. उपग्रह अँटेना व तिचा ग्राहक-संच चालू असल्यास हा खर्च दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो.

म्हणूनच इंजिन सुरू करणारी बॅटरी व घरगुती वापराची बॅटरी वेगवेगळी ठेवली जाते. दूरचित्रवाणी संच दुसऱ्या बॅटरीलाच जोडतात. रात्री करमणुकीत बॅटरी रिकामी झाली आणि पहाटे वारा फिरून नांगर सुटू लागला, तरी इंजिन सुरू होणे आवश्यक असते.

थेट १२ व्होल्ट की इन्व्हर्टर

बऱ्याच लहान संचांसोबत घरगुती विजेचे १२ व्होल्ट दिष्ट विद्युतधारेत रूपांतर करणारा वेगळा अ‍ॅडॉप्टर मिळतो. अशा संचाची तार सरळ बॅटरीला जोडण्याचा मोह होतो, परंतु ते धोक्याचे असते. १२ व्होल्टची म्हणवली जाणारी बॅटरी प्रत्यक्षात नेमके १२ व्होल्ट देत नाही. भार असताना तिचा दाब ११ व्होल्टच्या आसपास उतरतो, तर प्रभारण चालू असताना तो १४.४ व्होल्ट किंवा त्याहून अधिक चढतो. केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेला संच चढ्या दाबाने जळू शकतो, तर उतरत्या दाबाने मध्येच बंद पडतो. यावर दोन उपाय आहेत. एक तर विस्तृत दाबावर चालणारा सागरी संच घेणे किंवा बॅटरी व संच यांच्यामध्ये दाब स्थिर ठेवणारा रूपांतरक बसवणे. काही संचांच्या अ‍ॅडॉप्टरमधून १९ व्होल्ट मिळतात. त्यांच्यासाठी दाब वाढवणारा रूपांतरक लागतो.

अंतर्गत वीजयंत्रणा असलेले मोठे संच इन्व्हर्टरवर चालवावे लागतात. शुद्ध साइन तरंग देणारा इन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी अधिक योग्य मानला जातो. स्वस्त इन्व्हर्टरच्या पायऱ्यांसारख्या तरंगामुळे आवाजात गुणगुण येणे किंवा संच तापणे असे प्रकार घडू शकतात. शिवाय इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. वर घेतलेल्या ३० वॅटच्या संचासाठी ८५ टक्के कार्यक्षमतेचा व स्वतःसाठी १० वॅट वापरणारा इन्व्हर्टर घेतल्यास बॅटरीवर सुमारे ४५ वॅटचा भार पडतो. चार तासांत १० ऐवजी १५ अँपिअर-तास खर्च होतात. इन्व्हर्टर चालू राहिल्यास संच बंद असतानाही हा खर्च थांबत नाही.

तारा व फ्यूज

कमी विद्युतदाबाच्या मंडलात तारेची जाडी निर्णायक ठरते. बॅटरीपासून संच ६ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तारेची लांबी १२ मीटर होते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ३ अँपिअर प्रवाह नेल्यास सुमारे ०.६५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, म्हणजे ५ टक्क्यांहून अधिक दाब घटतो. हीच तार २.५ चौरस मिलिमीटरची असल्यास घट सुमारे ०.२७ व्होल्ट, म्हणजे सव्वादोन टक्के राहते. अमेरिकेतील ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’ या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या ई-११ या विद्युत मानकात इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी ही घट ३ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे सांगितले आहे. ही मानके ऐच्छिक असली, तरी विमा कंपन्या व नौकांचे सर्वेक्षक त्यांचाच आधार घेतात.

नौकेवर एकसंध जाड तार वापरत नाहीत. सततच्या कंपनांनी ती आतून तुटते. त्याऐवजी अनेक बारीक तंतूंची व शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. मुलाम्यामुळे खाऱ्या हवेत तांबे हिरवे पडून कमकुवत होत नाही.

फ्यूजचा मुख्य उद्देश तारेचे रक्षण करणे हा असतो. तार आधाराला घासून तिचे आवरण फाटले आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तार लाल होते व आग लागते. म्हणूनच फ्यूज संचाजवळ न बसवता वीज जेथून निघते तेथे बसवतात. वरील मानकानुसार तो उगमापासून ७ इंचांच्या आत असावा लागतो. बॅटरीला थेट जोडलेल्या व आवरणातून नेलेल्या तारेसाठी हे अंतर ७२ इंचांपर्यंत चालते. किनाऱ्यावर आग लागल्यास माणसे बाहेर पळू शकतात, तर समुद्रात तो मार्ग नसतो. हे लक्षात घेतल्यास या काही इंचांचे महत्त्व ध्यानात येते.

तारांचे रंग

अमेरिकी नौकांवर एक जुना घोटाळा अजूनही आढळतो. दिष्ट विद्युतधारेच्या मंडलात लाल तार धन व काळी तार ऋण असते. मात्र तेथील १२० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेच्या मंडलात काळी तार हीच जिवंत तार असते, पांढरी तार न्यूट्रल व हिरवी तार अर्थिंगची असते. जुना संच काढल्यानंतर कोनाड्यात लोंबणारी काळी तार १२ व्होल्टची निरुपद्रवी ऋण तार आहे की १२० व्होल्टची प्राणघातक तार आहे, हे रंगावरून ओळखता येत नाही. त्यामुळे दिष्ट धारेच्या ऋण तारेसाठी पिवळा रंग वापरण्याची शिफारस पुढे रूढ झाली. तरी जुन्या नौकेत रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार मापकाने तपासावी लागते. दोन्ही प्रकारची मंडले एकाच पेटीत एकत्र आणणे टाळतात.

बसवणी

सपाट संचाच्या मागील बाजूस ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर प्रमाणित छिद्रे असतात व त्यांवर आधारफलक बसतो. घरात हा फलक विटांच्या किंवा सिमेंटच्या भिंतीत पक्का होतो. नौकेच्या आतील आडभिंत मात्र पातळ प्लायवूडची असते. केवळ स्क्रूंवर टांगलेला संच लाटांच्या आघातांनी हळूहळू सैल होतो. म्हणून भिंतीच्या पलीकडून लाकडी किंवा धातूची आधारपट्टी लावून आरपार बोल्ट बसवतात.

भिंतीपासून पुढे येणाऱ्या घडीच्या दांड्यावर बसवलेल्या संचाचा ताण अधिक असतो. ४ किलो वजनाचा संच ४० सेंटिमीटर लांब दांड्यावर असल्यास भिंतीवर तरफेसारखा जोर पडतो आणि नौका लाटेवरून आपटताना तो जोर कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे सागरी दांड्याला प्रवासात घट्ट मिटवून ठेवणारी कडी असते. सुटलेला संच डोक्याला लागून होणारी इजा ही रुग्णालयापासून कित्येक तास दूर असलेल्या नौकेवर गंभीर बाब ठरते. बाहेर पडण्याचा मार्ग, आणीबाणीची खिडकी व अग्निशामक यांच्या आड संच येऊ नये, हाही नियम पाळला जातो.

छिद्र पाडण्यापूर्वी भिंतीच्या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. पाण्याखालील बाजूच्या नौकाकवचात कधीही स्क्रू बसवला जात नाही. पेट्रोल इंजिनाचा किंवा पेट्रोलच्या टाकीचा कप्पा असेल, तेथे ठिणगी बाहेर पडू न देणारीच विद्युत उपकरणे चालतात, असा अमेरिकेचा संघीय नियम आहे. दूरचित्रवाणी संच, साधा इन्व्हर्टर किंवा त्यांची बटणे अशा कप्प्यात बसवता येत नाहीत. स्वयंपाकाच्या वायूची टाकी ठेवलेल्या कप्प्याबाबतही हीच दक्षता घेतात.

प्रक्षेपणाचे ग्रहण

भूस्थित केंद्रे

घराच्या छपरावरील अँटेना एकाच दिशेकडे रोखलेली असते. नांगर टाकलेली नौका वारा व भरती-ओहोटीबरोबर फिरत राहते, त्यामुळे तिच्यावर सर्व दिशांनी ग्रहण करणारी तबकडीसारखी अँटेना बसवतात. ती दुर्बल संकेत पकडत असल्याने तिच्यासोबत प्रवर्धक जोडलेला असतो.

हे संकेत जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांना मर्यादा पडते. ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेला संकेत डोलकाठीवर ९ मीटर उंचीच्या अँटेनाला सामान्य स्थितीत सुमारे ८० ते ८५ किलोमीटरपर्यंतच मिळू शकतो. प्रवर्धक वाढवून ही मर्यादा ओलांडता येत नाही, अँटेनाची उंची मात्र उपयोगी पडते. अनुरूप प्रक्षेपण अशक्त झाल्यास पडद्यावर दाणे दिसत, पण चित्र समजे. अंकीय प्रक्षेपण एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसते व त्यापुढे एकाएकी तुकडे होऊन नाहीसे होते.

उपग्रह

प्रक्षेपणाचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीची ग्रहणदिशा इतकी अरुंद असते, की रोख दोन-तीन अंश चुकला तरी चित्र जाते. डोलणारी नौका सहज दहा अंश कलते. यासाठी घुमटाकार आवरणातील तबकडीला चलित्रे व संवेदक जोडलेले असतात. ते नौकेच्या हालचालीच्या उलट दिशेने तबकडी फिरवून तिचा रोख कायम राखतात. ही यंत्रणा महाग व वीजखाऊ असते. शिवाय उपग्रहाचे किरण ठरावीक भूभागावरच केंद्रित असल्याने किनाऱ्यापासून दूर गेल्यावर संकेत संपतो. साधी स्थिर तबकडी केवळ धक्क्याला घट्ट बांधलेल्या किंवा शांत पाण्यातील नौकेवर चालते.

आंतरजाल

मोबाइल जाळे, मरीनाचे बिनतारी आंतरजाल व खालच्या कक्षेतील उपग्रह यांमुळे अनेक नौकांवर प्रक्षेपण-ग्रहणाची जागा आंतरजालाने घेतली आहे. स्टारलिंकची सागरी सेवा जुलै २०२२ मध्ये जाहीर झाली. अशा नौकेवर दूरचित्रवाणी संच हा केवळ पडदा उरतो. वीजखर्चाचा हिशेब मात्र कायम राहतो, कारण आंतरजालाच्या उपकरणालाही सतत वीज लागते.

सुरक्षिततेच्या साधनांवरील परिणाम

होकायंत्र

संचाच्या ध्वनिवर्धकांत कायम चुंबके असतात. ती चुंबकीय होकायंत्राजवळ आल्यास सुई विचलित होते. सुकाणूजवळचे होकायंत्र डोळ्यांसमोर असल्याने ते सहसा विसरले जात नाही. धोका असतो तो स्वयंचलित सुकाणूच्या दिशासंवेदकाचा. हा संवेदक बऱ्याचदा कपाटात, बिछान्याखाली किंवा भिंतीमागे दडवलेला असतो. भिंतीच्या एका बाजूला संच व नेमका दुसऱ्या बाजूला संवेदक, अशी स्थिती असल्यास नौका आपोआप चुकीच्या दिशेने जाऊ लागते आणि त्याचे कारण लवकर सापडत नाही. म्हणून बसवणीपूर्वी संच नियोजित जागी हाताने धरून दिशेचा आकडा बदलतो का, हे पाहतात. संचाला जाणाऱ्या दिष्ट धारेच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळल्या, की त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बऱ्याच अंशी नाहीशी करतात.

उपग्रहीय स्थाननिश्चिती

सन २००१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माँटेरे उपसागरावरील मॉस लँडिंग या बंदरात जीपीएस यंत्रणा बंद पडण्याचे प्रकार घडू लागले. हा दोष एखाद्या नौकेपुरता मर्यादित नव्हता, बंदरातील सर्वांनाच त्याचा उपद्रव होत होता. शोधाअंती त्याची तीन उगमस्थाने सापडली. विहारनौकांवर वापरल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी अँटेनांतील प्रवर्धकच सदोष होऊन स्वतः रेडिओतरंग उत्सर्जित करत होते. जीपीएसचा संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर येतो व पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतो. त्यामुळे जवळच्या एखाद्या सदोष प्रवर्धकाचे अल्प उत्सर्जनही त्याला बुजवून टाकते. आपल्या करमणुकीच्या साधनाने शेजारच्या नौकेची वाट हरवू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

याची तपासणी सोपी आहे. जीपीएसवरील संकेतांची तीव्रता पाहत असताना संच व अँटेनाचा प्रवर्धक आळीपाळीने चालू-बंद करतात. प्रवर्धकाला वीज स्वतंत्रपणे मिळत असेल, तर संच बंद असूनही तो चालू राहतो. म्हणून त्याला वेगळे बटण असणे इष्ट असते.

सागरी रेडिओ

अमेरिकी तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये एलईडी दिव्यांमुळे सागरी व्हीएचएफ रेडिओ व जहाजांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा यांच्या ग्रहणात अडथळा येऊ शकतो, अशी सूचना प्रसृत केली. दूरचित्रवाणी संचातील व रूपांतरकांतील वीजपुरवठ्याची मंडलेही असाच गोंगाट निर्माण करू शकतात. आणीबाणीचा संदेश ज्यावर दिला जातो तो सोळावा चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे. रेडिओच्या ग्रहणक्षेत्रात गोंगाट वाढला, तर रेडिओ बंद पडत नाही. केवळ दूरची हाक ऐकू येत नाही व ती ऐकू आली नाही हे कोणाला कळतही नाही. तपासणीसाठी रेडिओ शांत चॅनलवर लावून त्याचे गोंगाट-नियंत्रण खरखर नुकतीच थांबेल अशा बिंदूवर ठेवतात. मग संच सुरू करतात. खरखर पुन्हा सुरू झाल्यास संच, रूपांतरक किंवा त्यांच्या तारा रेडिओपासून दूर न्याव्या लागतात अथवा तारांवर फेराइटची कडी बसवावी लागते.

धक्क्यावरील वीज व केबल

मरीनात बांधलेल्या नौकेला धक्क्यावरून वीज मिळते. अमेरिकेत ती सामान्यतः १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ व ३० अँपिअर, तर युरोपात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ व १६ अँपिअर असते. नौकेवरील एखाद्या उपकरणातील गळती अर्थिंगच्या तारेतून परत न जाता पाण्यात उतरल्यास जवळ पोहणाऱ्या व्यक्तीचे स्नायू आखडून ती बुडू शकते. गोड्या पाण्यात हा धोका अधिक असतो, कारण गोड्या पाण्याच्या तुलनेत मानवी शरीर विजेला सुलभ मार्ग देते. त्यामुळे ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे संरक्षक साधन अमेरिकी मानकात समाविष्ट झाले आहे. संचाच्या प्लगमधील अर्थिंगची तार तोडणे किंवा इन्व्हर्टरची अर्थिंग व न्यूट्रल मनाप्रमाणे जोडणे हे म्हणूनच घातक ठरते.

अनेक मरीनांत विजेबरोबर दूरचित्रवाणीची केबलही मिळते. या केबलचे बाह्य धातूआवरण धक्क्याच्या अर्थिंगशी जोडलेले असते. नौकेवर विद्युतरासायनिक क्षरण रोखणारा विलगक बसवलेला असूनही या आवरणावाटे शेजारच्या नौकांशी दुसरा मार्ग तयार होऊ शकतो. अशा मार्गाने पाण्याखालील धातूचे भाग, विशेषतः संरक्षणार्थ बसवलेले जस्ताचे तुकडे लवकर झिजतात. केबलच्या वाटेवर विलग करणारा जोड बसवून हे टाळता येते.

धक्क्यापासून दूर असताना संचासाठी जनित्र चालवल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने केबिनमध्ये त्याची सूचना देणारे यंत्र असणे आवश्यक मानतात.

देखभाल

दमट हवेत थंड पडद्यावर व संचाच्या आत दव साचते. नौका बरेच दिवस बंद असल्यास संच सुरू करण्यापूर्वी केबिनमध्ये हवा खेळवतात. थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी नौका किनाऱ्यावर ठेवताना बरेच मालक संच काढून घरी नेतात. हंगामाच्या आरंभी आधाराचे बोल्ट, तारांचे जोड, फ्यूज व अँटेनाच्या केबलची टोके तपासली जातात. हिरवट झालेला जोड रोध वाढवतो व तापतो, म्हणून तो पुसून न ठेवता कापून नव्याने करतात. होकायंत्र, जीपीएस व रेडिओ यांच्या वर सांगितलेल्या तिन्ही तपासण्या बसवणीच्या वेळी एकदा करून भागत नाही. नवा संच, नवा रूपांतरक किंवा नवी अँटेना जोडल्यावर प्रत्येक वेळी, धक्का सोडण्यापूर्वी त्या पुन्हा कराव्या लागतात.